सर्व्हिसचा पवित्रा : मागचा पाय ओढायचा की जागेवर ठेवायचा?

काळीमाती · २२ मार्च, सकाळी ८.१०

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी क्रीडाशिक्षक आहे. शाळेमागच्या मैदानावरची काळी माती काढून, खाली गिट्टी आणि वर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून आम्ही टेनिसचं एक कोर्ट केलं आहे. काळी माती तशीच ठेवली असती तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या असत्या आणि पावसाळ्यात सगळा चिखल झाला असता, म्हणून एवढा खटाटोप. रेषा फक्कीच्या आहेत. जागा अडचणीची, त्यामुळे कोर्ट उत्तर-दक्षिण बसलं नाही, पूर्व-पश्चिम करावं लागलं.

प्रश्न एका मुलीचा आहे. सातवीत शिकते, उंची ४ फूट १० इंच, उजवा हात, मूळची व्हॉलीबॉलची. हात मोकळा आहे, नजर चांगली आहे, सांगितलेलं ऐकते आणि लवकर दमत नाही. गेल्या मोसमात विभागीय शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालील गटात ती खेळली आणि पहिल्याच सामन्यात तिला एकामागून एक फूट फॉल्ट (सर्व्हिस करताना पाय रेषेला लागण्याची चूक) मिळाले. पंचांचं काही चुकलं नव्हतं. मी कडेलाच उभा होतो, मलाही दिसत होतं. चूक माझी आहे. वर्षभर मी तिचा हात पाहत राहिलो, पायांकडे पाहिलंच नाही. शेवटी ती एवढी घाबरली की रेषेपासून दोन हात मागे जाऊन सर्व्हिस करू लागली, आणि मग प्रत्येक चेंडू नेटमध्ये.

तिची सर्व्हिस अशी होते. डावा पाय रेषेच्या मागे चार बोटं, उजवा त्याच्या मागे हातभर. टॉस, म्हणजे मारण्यासाठी फेकलेला चेंडू, वर गेला की उजवा पाय घसटत पुढे येतो, डाव्याला भिडतो, त्या धक्क्याने डाव्याचा अंगठा रेषेवर जातो आणि मग ती उडी घेते. मोबाइलवर चित्रण सावकाश करून दहा वेळा पाहिलं, दहाही वेळा हेच.

मागचा पाय पुढे ओढण्याची ही सवय मोडू का? की तशीच ठेवून फक्त मागे उभं करू? आणि तिच्या मनातली रेषेची भीती कशी जाईल? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पंचगिरी · २२ मार्च, सकाळी ९.३५

सर, आधी नियम पक्का करून घेऊ, कारण गावोगावी मुलांना तो अर्धवट सांगितला जातो.

सर्व्हिस सुरू करण्यापूर्वी दोन्ही पाय स्थिर हवेत, बेसलाईनच्या (कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या) मागे आणि मधली खूण (त्या रेषेच्या मध्यावरची छोटी रेघ) व बाजूची रेषा यांच्या दरम्यान. मग चेंडू हातातून सुटतो. रॅकेट चेंडूला लागेपर्यंत, किंवा मारताना चुकेपर्यंत, चालायचं किंवा धावायचं नाही. पायांची किरकोळ हालचाल चालते. बेसलाईनला किंवा आतल्या जमिनीला कुठलाही पाय लागता कामा नये. मधल्या खुणेची रेघ मनातल्या मनात मागे वाढवायची, तिलाही पाय लागता कामा नये, आणि बाजूच्या रेषेच्या पलीकडेही नाही.

यातला महत्त्वाचा शब्द ‘लागणे’. पाय रेषेच्या वर हवेत असेल तर फॉल्ट नाही. चेंडू मारून झाल्यावर आत उतरलात तरी फॉल्ट नाही, उलट चांगली सर्व्हिस करणारा आतच उतरतो. कित्येक मुलं आत उतरायला घाबरतात, कारण कोणीतरी त्यांना ‘रेषा ओलांडली की फॉल्ट’ असं सांगून ठेवलेलं असतं. तुमच्या मुलीचंही तसं आहे का, ते विचारून पाहा.

गावातल्या मुलांचा आणखी एक घोळ होतो तो क्रिकेटमुळे. तिथे गोलंदाजाच्या पुढच्या पायाचा थोडासा भाग पॉपिंग क्रीजच्या मागे असला तरी चेंडू वैध. इथे अंगठ्याचं टोक रेषेला लागलं तरी फॉल्ट. टेनिसची बेसलाईन ४ इंचांपर्यंत रुंद असू शकते आणि ती सगळीच्या सगळी कोर्टाचा भाग आहे.

पहिल्या सर्व्हिसवर फूट फॉल्ट झाला तर दुसरी मिळते, दुसरीवर झाला तर गुण गेला. २००९ च्या यूएस ओपनच्या उपांत्य सामन्यात सेरेना विल्यम्सचं हेच झालं. किम क्लाइस्टर्सविरुद्ध ४-६, ५-६, १५-३० असताना दुसऱ्या सर्व्हिसवर फूट फॉल्ट दिला गेला आणि गुणसंख्या १५-४० झाली, म्हणजे आणखी एक गुण गेला की सामना गेला. त्यानंतर पंचांशी बोलताना तिचा तोल गेला, दंडाचा गुण गेला आणि सामना तिथेच संपला. एवढ्या मोठ्या खेळाडूचंही पाऊल ऐन वेळी सरकतं, हे पोरीला जरूर सांगा. तिला धीर येईल.

संत्रापट्टा · २२ मार्च, सकाळी ११.०५

वरुडहून लिहितेय. आमचा मुलगा डावखुरा आहे, त्याचंही असंच होतं. डावखुऱ्यांना हे सगळं उलट धरायचं ना?

बेसलाईन · २२ मार्च, रात्री १०.२०

संत्राताई, हो. पुढचा पाय उजवा, बाकी सगळं आरशात पाहिल्यासारखं.

काळीमाती सर, तुमचा प्रश्न जुना आहे आणि त्याचं एकच उत्तर कोणी देत नाही, कारण दोन्ही पद्धतींनी लोक विम्बल्डन जिंकलेत. दोन्ही पाय अंतर ठेवून जागेवर रोवायचे, हा प्लॅटफॉर्म पवित्रा. फेडरर असा उभा राहायचा, जोकोविचही असाच. मागचा पाय पुढच्याजवळ आणून एका जागेवरून उसळायचं, तो पिनपॉइंट. सेरेना, शारापोव्हा, अँडी मरे हे त्यातले. आणि जॉन मॅकेन्रो तर दोन्ही पाय रेषेला समांतर ठेवून नेटकडे जवळजवळ पाठ करून उभा राहायचा. त्याचं अनुकरण कोणाला सांगू नये, पण ते पाहिलं की एक कळतं. पवित्रा हा शरीराला वळायला आणि वर जायला जागा मिळावी म्हणून असतो, दिसायला छान म्हणून नाही.

पिनपॉइंटमध्ये दोन्ही पाय एकत्र आल्याने खालून एकच जोर मिळतो, वळणाला मदत होते, उंचीही बरी मिळते. मोबदल्यात तोल अवघड होतो आणि पाय ओढण्याची वेळ टॉसशी जुळवावी लागते. प्लॅटफॉर्ममध्ये हलणारी गोष्टच कमी, म्हणून बिघडणारीही कमी. तुमच्याकडे तर मुरूम आहे. मुरमाचे सुटे खडे बुटाखाली गोळ्यांसारखे फिरतात. त्यावर पाय घसटला तर रोज वेगळ्या ठिकाणी थांबणार. सिमेंटच्या कोर्टावर वाढलेल्या मुलाला मी पिनपॉइंट तसाच ठेवू दिला असता. तुमच्या मुलीला मी प्लॅटफॉर्मवर आणेन.

आता उभं कसं करायचं ते. पुढचा पाय रेषेपासून एक वीत मागे, त्याची बोटं साधारण उजव्या नेटपोस्टकडे. मागचा पाय खांद्याइतक्या अंतरावर, रेषेला जवळजवळ समांतर. सुरुवातीला भार कुठल्या पायावर हे फार मनावर घेऊ नका. काही जण पुढे ठेवून मागे झुलतात आणि पुन्हा पुढे येतात, सॅम्प्रस तर सुरुवातीला पुढच्या पायाचा चवडा उचलायचा. टॉस वर जाईल तेव्हा दोन्ही गुडघे वाकलेले आणि भार चवड्यांवर हवा, एवढं पुरे. टाचेवर उभं राहून कोणी वर जाऊ शकत नाही.

आणि एक चूक मी जवळजवळ प्रत्येक मुलात पाहतो. उजवीकडून सर्व्हिस करताना आणि डावीकडून करताना पाय तसेच्या तसे ठेवतात. दोन्हीकडचा नेम वेगळा, मग पवित्रा एकच कसा? उजव्या हाताने खेळणाऱ्याचं लक्ष्य उजव्या बाजूने उभं राहिल्यावर तिरकं डावीकडे असतं, तेव्हा मागचा पाय जरा उजवीकडे चालतो, अंग थोडं उघडं राहतं. डाव्या बाजूने लक्ष्य तिरकं उजवीकडे जातं, तेव्हा मागचा पाय डावीकडे सरकवून पाठ नेटकडे जास्त वळवावी लागते. ते केलं नाही की चेंडू मधल्या रेषेच्या बाहेर जातो, मग मूल हाताने तो ओढून आणतं, आणि हात ओढला की पायही ओढला जातो.

उंचउडी · २३ मार्च, सकाळी ७.००

बेसलाईनशी मी सहमत नाही. मुलगी व्हॉलीबॉलची आहे, उडी तिच्या अंगात आहे. पिनपॉइंट हा तिचा नैसर्गिक पवित्रा. तो काढून घेतला तर तिची सगळ्यात मोठी शक्ती जाईल. एवढ्या कमी उंचीच्या मुलीला उडी नको तर काय हवं? फक्त एक फूट मागे उभी करा, प्रश्न मिटला.

बेसलाईन · २३ मार्च, सकाळी ७.४५

उडी काढायला मी सांगितलंच नाही. प्लॅटफॉर्मवरूनही पाय जमिनीवरून सुटतात, फेडररचेही सुटायचे. पूर्वी एक पाय जमिनीला टेकलेला असलाच पाहिजे असा नियम होता, तो १९६० च्या सुमारास गेला, तेव्हापासून सगळेच वर जातात. प्रश्न आहे तो धावपट्टीचा. व्हॉलीबॉलच्या जंप सर्व्हिसला दोन-चार पावलं धावून येता येतं, उडी रेषेच्या मागून घेतली की झालं. तिचा मागचा पाय त्या धावण्याची उरलेली पावलं शोधतोय, असं मला वाटतं. टेनिसमध्ये ती पावलं मिळत नाहीत.

आणि फूटभर मागे उभं राहून प्रश्न मिटत नाही हे सरांनी सामन्यात पाहिलंच आहे.

गणिताचे_सर · २३ मार्च, दुपारी ४.१५

मी अचलपूरचा, निवृत्त शिक्षक. टेनिस टीव्हीवर पाहतो, शिकवण्याचा अधिकार नाही, पण या मुलीच्या उंचीचा हिशोब मांडल्याशिवाय राहवेना.

बेसलाईनपासून नेट ३९ फूट आणि नेटपासून सर्व्हिस लाईन (सर्व्हिसचा चेंडू जिच्या आत पडावा लागतो ती रेषा) २१ फूट, म्हणजे एकूण ६० फूट. नेट मध्यभागी ३ फूट उंच. समजा चेंडू अगदी सरळ रेषेत, तारेसारखा गेला आणि नेमका सर्व्हिस लाईनवर टेकला. तर नेटवर त्याची उंची ही सुटतानाच्या उंचीच्या ६० पैकी २१ हिस्से, म्हणजे ०.३५ पट असेल. ती ३ फुटांहून जास्त हवी, तर चेंडू ८ फूट ७ इंचांच्या वरून सुटायला हवा. चेंडू तिरका गेला तरी हे प्रमाण बदलत नाही, उलट मध्यापासून बाजूला नेट उंच होत जातं आणि खांबाशी साडेतीन फूट असतं.

रॅकेटसह हात पोचतो तो उंचीच्या साधारण दीडपट. ६ फूट १ इंचाच्या फेडररला ९ फूट मिळतात, त्याला जेमतेम सरळ मारता येईल. आपल्या मुलीला मिळतात ७ फूट ३ इंच. तिने सरळ मारला तर नेटवर चेंडू अडीच फुटांवर असणार. म्हणजे नेटमध्येच. उडी मारून चार-सहा इंच वाढवले तरी नेटमध्येच, कारण तूट सव्वा फुटाहून जास्त आहे.

आता गुरुत्वाकर्षण जमेस धरू. तिचा चेंडू ताशी ८० किलोमीटरने गेला असं समजा. ६० फूट म्हणजे १८.३ मीटर जायला त्याला ०.८ सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागेल. तेवढ्या वेळात नुसता सोडलेला चेंडूसुद्धा ३ मीटरहून जास्त खाली पडतो. तिचा चेंडू तर सुटतोच २.२ मीटरवरून! अर्थ असा की सर्व्हिस लाईनपर्यंत पोचवायचा असेल तर तिने चेंडू खाली नाही, वर मारला पाहिजे. रॅकेटवरून सुटताना चेंडूची दिशा किंचित आकाशाकडे हवी.

म्हणून मला वाटतं, ‘पाय ओढायचा की नाही’ याआधी विचारायला हवं की तिचा जोर कुठे चाललाय. पुढे ढकलणाऱ्या मुलीचा पाय पुढेच जाणार. वर ढकलणारीचा पाय रेषेकडे कशाला जाईल?

बेसलाईन · २३ मार्च, रात्री ९.५०

सर, वीस वर्षं मुलांना ‘वरून खाली मार’ असं सांगणारे प्रशिक्षक पाहतोय. तुमचा हा हिशोब मी छापून भिंतीवर लावणार आहे. माझ्या लांबलचक प्रतिसादात हीच गोष्ट राहिली होती.

काळीमाती सर, टॉस बघा. टॉस फार पुढे पडत असेल तर चेंडू गाठायला अंग पुढे पडतं आणि पाय रेषेवर जातो. चेंडू न मारता टॉस नुसता पडू द्या. पुढच्या पायाच्या बोटांसमोर, किंचित उजवीकडे, एक-दीड फूट आत पडायला हवा. तीन फूट आत पडत असेल तर दोष पायाचा नाहीच.

गोफण · २४ मार्च, पहाटे ५.३०

राजेहो, म्या टेनिस कधी खेळलो नाई, व्हॉलीबॉल लय खेळलो. पण पायाचं चालू हाय म्हणून लिहितो.

लहानपणी आमच्या वावरात जवारीच्या राखणीले मचाणावर बसत होतो. पाखरं आली का गोफण मारायची. मचाण केवढं, दोन माणसं उभी राहतीन एवढं. तिथं पाऊल पुढं टाकाले जागाच नसते. पाय हालवला का मचाण हालते, अन् मचाण हाललं का गोटा भलतीकडेच जाते. म्हणून माह्या बापानं शिकवलं होतं, दोन पाय फाकवून रोव, गुडघे ढिले ठेव, कमरेतून फिर, हात आपोआप येते. जमिनीवर उभं राहून मारणाऱ्या पोट्ट्यायपेक्षा आमचा गोटा लांब जात होता. जोर पावलात नसते, पावलाखाली दाबून जो वरतं येते त्याच्यात असते.

सर, त्या पोरीले एक दिवस मचाणावर उभं करून गोफण मारू द्या. नसन तर बैलगाडीवर उभं करा, बैल न जुपता, चाकाले दगडं लावून.

काळीमाती · २४ मार्च, सकाळी ६.५०

दादा, ही गोष्ट तिला लगेच कळेल, तिच्या आजोबांकडे गोफण आहे. मनापासून आभार.

गणिताचे सर, आपला हिशोब मी आज सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडणार आहे. तिलाच ०.३५ ने गुणायला लावतो.

आज सकाळी टॉस मोजला. वीस टॉस पडू दिले. बहुतेक अडीच ते तीन फूट आत पडले, आणि सकाळी पूर्वेकडे तोंड करून सर्व्हिस करते तेव्हा तर जास्तच. सूर्य समोर येतो म्हणून ती चेंडू नकळत खाली आणि पुढे टाकते. हे माझ्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

पंचगिरी · २४ मार्च, सकाळी ८.००

कोर्ट उत्तर-दक्षिण आखतात ते याचसाठी. आता कोर्ट फिरवता येणार नाही, पण सकाळी पूर्वेकडच्या टोकाला उभं राहून पश्चिमेकडे सर्व्हिस करा, संध्याकाळी उलट. सवय पक्की होईपर्यंत सूर्य पाठीशी असू द्या. नंतर मुद्दाम सूर्यासमोर करून घ्या, सामन्यात कधी ना कधी ती बाजू वाट्याला येणारच.

आणि तुमच्याकडे फक्कीची रेषा आहे हे किती चांगलं! रंगाच्या रेषेवर पाय लागला की नाही यावर वाद होतात. फक्की बुटाला लागते. रोज सर्व्हिसच्या आधी रेषा ताजी मारा, थोडी जाडच, बुटाचं टोक पुसून घ्या आणि प्रत्येक सर्व्हिसनंतर तिलाच पाहू द्या. तुम्ही काही बोलू नका. पंच म्हणून सांगते, मुलांना आमच्या ओरडण्याने पाय कळत नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की कळतो.

उंचउडी · २४ मार्च, सकाळी ८.४०

रेषेवर एक वीट आडवी ठेवा. दोन दिवसांत पाय पुढे जायचा थांबेल.

फिजिओताई · २४ मार्च, दुपारी १.३०

वीट, काठी, बांबू, काहीही ठेवू नका, कृपा करून. ती हवेतून आत उतरते. पाय विटेच्या कडेवर पडला तर घोटा मुरगळेल, आणि वाढत्या वयातल्या घोट्याची दुखापत पुढे वारंवार डोकं वर काढते. अमरावतीत माझ्याकडे अशी मुलं येतात.

पायांबद्दल थोडं शरीराच्या बाजूने लिहिते. सर्व्हिसची जवळपास निम्मी ताकद पाय आणि धडातून येते. पाय काम करत नसतील तर चेंडूचा वेग कमी होतो एवढंच नाही, ती तूट भरून काढायला खांदा आणि कोपर जास्त राबतात. म्हणून ‘खांदा दुखतो’ म्हणणाऱ्या मुलाला मी आधी सर्व्हिस करून दाखवायला सांगते आणि गुडघ्यांकडे पाहते. गुडघे काठीसारखे सरळ असतील तर खांद्याला नुसता शेक देऊन काय उपयोग?

दुसरी काळजी कमरेची. वर मारायचं म्हटलं की मुलं पाठ मागे धनुष्यासारखी वाकवतात. वाकणं गुडघ्यांतून आणि वळणं नितंबांतून यायला हवं, सगळं कमरेच्या मणक्यांवर टाकायचं नाही. कंबर दुखते असं ती दोन-तीन दिवस सतत म्हणाली तर सर्व्हिस थांबवून डॉक्टरांना दाखवा, ‘होईल बरं’ म्हणू नका. तसंच गुडघ्याच्या वाटीखाली जिथे हाडाचा उंचवटा लागतो तिथे दुखत असेल तर उड्या कमी करा. झपाट्याने उंची वाढण्याच्या वयात उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमीचं दुखणं आहे.

उतरायचं डाव्या पायावर, उजवा मागे जातो. उतरल्यावर गुडघा वाकलेला हवा आणि आतल्या बाजूला कोसळता कामा नये. उतरून तसंच एका पायावर दोन आकडे मोजेपर्यंत उभं राहायला सांगा. तोल राहिला तर वरचं सगळं बऱ्यापैकी जमलंय असं समजा. आणि मार्च संपत आलाय, आपल्याकडे ऊन कसं असतं ते माहीत आहेच. नऊच्या आत आवरा, मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा.

उंचउडी · २४ मार्च, दुपारी २.१०

ताई, विटेचं मागे घेतो. उतरण्याचा विचार मी केला नव्हता.

संत्रापट्टा · २५ मार्च, सकाळी १०.००

बुटांचं कोणी सांगाल का? मुलाच्या बुटाचं टोक दोन महिन्यांत फाटतं, एकाच पायाचं.

गोफण · २५ मार्च, दुपारी १२.४०

ताई, जो पाय घसटते त्याचंच टोक जाते. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशन लावून चिकटवून घ्या, वरून चांभाराकडून दोन टाके. आम्ही व्हॉलीबॉलच्या बुटाले हेच करत होतो.

बेसलाईन · २५ मार्च, दुपारी ३.३०

हे झकास आहे. एक भर घालतो, पळण्याचे जाड टाचेचे बूट टेनिसला नकोत. टाच उंच असल्याने पाय बाजूला कलंडतो. टाच सपाट आणि बूट कडेने घट्ट असावा. महाग नसला तरी चालेल.

काळीमाती · १९ एप्रिल, सकाळी ९.३०

मंडळी, साडेतीन आठवडे झाले. जे केलं ते सांगतो.

पहिले चार दिवस चेंडूच मारला नाही. आजोबांची गोफण आणली आणि जुनी लाकडी बाकं जोडून वर उभं केलं. पहिल्या दिवशी गोटा मागे गेला, त्यामुळे सगळ्यांना लांब उभं करून मगच करायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी तिचं तिलाच कळलं की पाऊल न टाकताही जोर येतो. हे मी तोंडाने किती वेळा सांगितलं असतं कोण जाणे.

मग प्लॅटफॉर्म. एक वीत मागे, पूर्वेच्या टोकाला, सूर्य पाठीशी. टॉस आता फूट-सव्वा फुटाच्या आत पडतो. चेंडू वर मारायचा हे तिला फळ्यावरच्या गणिताने पटलं. ‘सर, म्हणजे नेटवरून नाही, नेटच्या वरच्या कडुलिंबाच्या फांदीवरून मारायचं,’ असं तीच म्हणाली आणि पलीकडची एक फांदी तिने नेमासाठी धरली आहे. चेंडू हळू जातो पण सर्व्हिसच्या चौकटीत पडतो.

फक्कीचा हिशोब वहीत ठेवलाय. पहिल्या दिवशी ४० पैकी २६ वेळा बुटाला पांढरं लागलं. काल ४० पैकी ३ वेळा. ती स्वतः बूट वळवून पाहते आणि मला हाक मारून सांगते. लागलं तेव्हाही सांगते.

उंचउडी यांचं म्हणणं मी विसरलेलो नाही. मधूनच ती जुन्या सवयीने पाय ओढते आणि तेव्हाची सर्व्हिस खरोखर जास्त जोरात जाते, हे मान्य करायला हवं. पुढच्या वर्षी उंची वाढली, तोल आला की त्याचा पुन्हा विचार करू.

एक नवी अडचण मात्र दिसली. डावीकडून सर्व्हिस करताना ती मधल्या खुणेच्या अगदी जवळ उभी राहते, आणि पाय ओढला गेला की तो खुणेच्या मागच्या वाढवलेल्या रेघेवर जातो. मुरमावर ती रेघच नाही, मग तिला कळणार कसं?

उंचउडी · १९ एप्रिल, सकाळी १०.२०

सर, ४० पैकी ३ म्हणजे मोठी मजल आहे. माझा आग्रह सोडतो. जोरात जाणाऱ्या त्या सर्व्हिस पांढरं लागणाऱ्या तिनांतल्याच आहेत का, तेवढं वहीत टिपून ठेवा. ते कळलं तर पुढच्या वर्षी निर्णय सोपा जाईल.

पंचगिरी · १९ एप्रिल, सकाळी ११.००

उजव्या हाताच्या पिनपॉइंटवाल्यांचं हे हमखास होतं. ओढलेला पाय पुढच्याच्या उजवीकडे येतो आणि डावीकडून सर्व्हिस करताना उजवीकडे तीच खूण असते. सरावापुरती मधल्या खुणेपासून मागे चार फूट फक्कीची रेघ ओढा. सामन्यात ती नसते, पण महिनाभर डोळ्यांना दिसली की पायांना ठाऊक होते. आणि खुणेपासून फूटभर डावीकडे उभी करा. एकेरीत तेवढ्याने काही बिघडत नाही.

गोफण · १९ एप्रिल, रात्री ८.१५

सर, मिरगाच्या आधी मुरूम आणखी एक थर टाकून घ्या, नाईतर पयल्याच पाण्यात रेषेजवळचा खड्डा होते अन् पोरगी त्यातच पाय रोवते. आमच्या वावराच्या कडेले चांगला तांबडा मुरूम हाय. ट्रॅक्टर माहा, डिझेल माहं. कोणत्या दिवशी आणू ते सांगा.

काळीमाती · २० एप्रिल, सकाळी ६.१५

दादा, येत्या रविवारी या. पोरं घमेली घेऊन तयार राहतील. रेघ आज सकाळीच ओढली, तिनेच दोरी धरली होती.